तुमच्या गावाचं आयुर्मान तुम्हीच काढा: मयताच्या वहीपासून ग्रामसभेपर्यंत

आमच्या ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत एका ओळीत लिहिलंय : वय ४६, कारण वार्धक्य. ती ओळ माझ्या धाकट्या भावाची आहे. नोंद करायला मीच गेलो होतो. ग्रामसेवकांनी पेन थांबवून विचारलं, "सर, कारण काय लिहू?" मी म्हणालो, "लिहा काहीतरी." वरच्या ओळीत ८१ वर्षांच्या आजोबांपुढं जे लिहिलं होतं, तेच त्यांनी खाली उतरवलं. सेहेचाळिसाव्या वर्षी वार्धक्य! मी तिथंच बसलो होतो, आणि मी अडवलं नाही.

निवृत्त झाल्यावर तीच वही मी पुन्हा मागून घेतली आणि गावाच्या आयुष्याचा हिशोब मांडला. मी गणिताचा शिक्षक, गाव खटाव तालुक्यातलं. लागणारं गणित आठवी-नववीच्या मुलाला जमेल इतकंच आहे. चिकाटी मात्र भरपूर लागते. सातारा-सांगलीतल्या कोणत्याही गावात चार-पाच जणांनी मिळून दोन-तीन महिन्यांत हे काम होतं. कसं करायचं, ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका

आयुर्मान म्हणजे मेलेल्या माणसांच्या वयाची सरासरी नव्हे. पाटण-जावळीतल्या एखाद्या डोंगरी गावात तरणी पोरं सगळी मुंबईला माथाडीत, गावात म्हातारी माणसं उरलेली. तिथं मयतांच्या वयाची सरासरी आपोआप ७५ येईल. म्हणून ते गाव निरोगी ठरत नाही. उलट शाळकरी पोरांनी भरलेल्या वस्तीत एक-दोन लहान मुलं दगावली तरी सरासरी धाडकन खाली येते.

आयुर्मानाचा प्रश्न वेगळा आहे. आज हजार बाळं जन्मली आणि आज गावात ज्या वयाला ज्या दरानं माणसं जातात त्याच दरानं ती पुढं जात राहिली, तर त्यांच्या वाट्याला सरासरी किती वर्षं येतील? हे भविष्य नाही, आजच्या परिस्थितीचं माप आहे. १९७०-७५ मध्ये भारताचं आयुर्मान ४९.७ वर्षं होतं. त्याचा अर्थ तेव्हा माणसं पन्नाशीला मरत होती असा नाही. १९७१ साली हजार जन्मलेल्या बाळांतली १२९ पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती, आणि आयुर्मानाचा आकडा त्या बाळांनी खाली ओढला होता. २०१५-१९ पर्यंत आयुर्मान ६९.७ वर आलं. त्याच काळात केरळ ७५.२ वर होतं आणि छत्तीसगड ६५.३ वर. एकाच देशात दहा वर्षांची तफावत. पुढं करोनाच्या काळात देशाचा आकडा ७०.० वरून ६९.८ झाला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दर पाहणीत वर चढत आलेली रेघ मागं फिरली होती.

हे आकडे नमुना नोंदणी योजनेतून, म्हणजे देशभरातल्या निवडक गावांत आणि वस्त्यांत होणाऱ्या सरकारी जन्म-मृत्यू मोजणीतून येतात. ती राज्याचा आकडा देते, ग्रामीण-शहरी आणि स्त्री-पुरुष असा फरकही दाखवते. पण जिल्ह्याचा आकडा देत नाही, तालुक्याचा तर नाहीच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणदेशात पाचशेच्या आसपास. मिरजेत दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर, आणि जतच्या टोकाच्या वाडीवरून तोच दवाखाना गाठायला अर्धा दिवस. राज्याच्या सरासरीत हे सगळं एकत्र कालवून जातं. गावचा आकडा हवा असेल तर गावानंच काढायला हवा.

आवाका ठरवा

दोन हजार वस्तीच्या एका गावाचा एका वर्षाचा आयुर्मानाचा आकडा निरर्थक असतो. एका वर्षात दोन अपघात झाले की तो कोसळतो. हिशोब 'माणूस-वर्षां'त करायचा : चार हजार माणसं, दहा वर्षं, म्हणजे चाळीस हजार माणूस-वर्षं. याच्या खाली शक्यतो जाऊ नका. गाव लहान असेल तर एकाच आरोग्य उपकेंद्राखालची तीन-चार गावं एकत्र घ्या. करोनाची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं वेगळ्या पानावर ठेवा आणि हिशोब दोनदा करा, त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय.

मग 'गावचा माणूस' कोण, याचा नियम पहिल्याच दिवशी लिहून भिंतीला लावा. आमचा नियम सहा महिन्यांचा होता : वर्षातले सहा महिने किंवा जास्त जो गावात राहतो तो गावचा. आपल्या भागात या नियमाशिवाय पाऊल टाकता येत नाही. खानापूर-आटपाडीची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, कुटुंबं देशभर विखुरलेली, सातारच्या डोंगरातली माणसं नवी मुंबईच्या बाजारात, जतची ऊसतोडीला. शिवाय आयुष्यभर मुंबईत राहून शेवटच्या आजारपणात गावी आलेली माणसं असतात. त्यांचं मरण गावच्या वहीत पडतं, जगणं मात्र गावच्या मोजणीत नसतं. अशा नोंदींना आम्ही लाल शाईचा ठिपका देत होतो. ठिपकेवाल्या नोंदी काढल्या की आकडा किती हलतो ते जरूर पाहा. डोंगरी गावात तो चांगलाच हलतो.

माणसं मोजा

मृत्यूचा दर काढताना मयतांच्या आकड्याला भागायला गावची लोकसंख्या हवी, आणि तीही वयवार. २०११ च्या जनगणनेत गावनिहाय एकूण माणसं आणि ० ते ६ वयाची मुलं मिळतात. बाकी वयं मिळत नाहीत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळं आशाताईंची कुटुंब सर्वेक्षण वही आणि अंगणवाडीची वही हाच मुख्य आधार. अठरा वर्षांवरच्यांसाठी मतदार यादी जोडीला घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि वारलेली माणसं तिच्यात वर्षानुवर्षं राहतात.

दहा वर्षांच्या काळाच्या सुरुवातीची आणि शेवटची वयवार संख्या काढा, दोन्हींची सरासरी घ्या, तिला दहानं गुणा. त्या वयोगटाची माणूस-वर्षं मिळाली.

मयतं मोजा, दोन्हीकडून

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणं मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती मृत्यू जिथं झाला तिथं होते. या दुसऱ्या अटीनं गावचा हिशोब फसतो. गावचा माणूस साताऱ्याच्या सिव्हिलला गेला, कराडला गेला किंवा मिरजेला गेला, तर त्याची नोंद तिकडं. गावच्या वहीत तो मेलेलाच नाही. म्हणून नुसत्या ग्रामपंचायतीच्या वहीवर काढलेलं आयुर्मान बहुधा फसवं जास्त येतं. मिरजेचं नेमकं उलट : १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथं मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून ते वैद्यकीचं गाव झालं. कर्नाटकापासूनचे रुग्ण तिथं येतात, आणि त्यातल्या काहींच्या मृत्यूची नोंदही तिथंच होते.

त्यासाठी दोन वेगळ्या याद्या करा. एक ग्रामपंचायतीची. दुसरी गावाच्या आठवणीची : आशाताईंची वही, रक्षाविसर्जनाचे फलक आणि मोबाइलवर फिरलेले त्यांचे फोटो, श्राद्धाच्या तिथ्या, भावकीतल्या जाणत्या बायका. भावकी-भावकीनं बसा. पुरुषांना कोण गेलं ते आठवतं. कधी गेलं आणि तेव्हा घरात काय चाललं होतं, ते बायकांना आठवतं.

मग दोन्ही याद्या नाव, वय, महिना बघून जुळवा. समजा एका वर्षासाठी वहीत ६० नावं, गावच्या यादीत ५० आणि दोन्हीकडं असलेली ४५. तर खरा आकडा अंदाजे ६० गुणिले ५० भागिले ४५, म्हणजे ६७. दोन्ही याद्या मिळून नावं ६५ होतात. म्हणजे दोनेक माणसं दोन्हीकडून निसटली. ही रीत चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ साली मांडली, ती बंगालमधल्या अशाच नोंदींसाठी. दोन्ही याद्या एकमेकींना न विचारता बनलेल्या असतील तरच ती चालते. म्हणून गावची यादी करताना ग्रामपंचायतीची वही समोर ठेवू नका.

तान्ह्या बाळांकडं स्वतंत्र लक्ष द्या. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळाचा जन्म माहेरच्या गावी नोंदला जातो, आणि दुर्दैवानं बाळ गेलं तर ते कोणाच्याच वहीत येत नाही. आईचा सासरचा पत्ता धरून जन्म आणि मृत्यू दोन्ही आपल्याकडं घ्या. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. त्यांची ती वही गावातली सगळ्यात भरवशाची. हे विचारायला पुरुष पाठवू नका. आमच्याकडून विचारायला गेलेल्या एका मुलीला एका माउलीनं चौदा वर्षांपूर्वीचं सांगितलं, तेही पहिल्यांदाच. तिनं ते बाळ कधी कुठं बोलून दाखवलं नव्हतं.

वय नीट करा

वहीत ६०, ६५, ७०, ७५ ही वयं ढिगानं असतात, ६३ आणि ६७ शोधावी लागतात. सांगणारा अंदाजानं सांगतो, लिहिणारा लिहितो. आधार कार्डावरही कित्येक म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून असते. त्यासाठी खुणेच्या घटना धरा : पत्री सरकारचा काळ, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. आमच्या शेजारच्या आज्जींच्या थोरल्या जावेचं वय वहीत ७० होतं. मी विचारलं, "आज्जी, कोयनेचा दणका बसला तेव्हा त्या केवढ्या होत्या?" त्या म्हणाल्या, "आरं बाबा, तवा तिची दोन पोरं शाळंत जात हुती." थोरला पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा, म्हणजे १९६७ ला बाई पंचविशीच्या पुढच्या. २०१७ साली वारल्या तेव्हा वय ७५ च्या वर. एका प्रश्नानं पाच वर्षं सुधारली.

आणखी मागं जायचं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ आहे. कुणबी नोंदींच्या शोधात अनेकांनी ती पानं अलीकडं उघडली. बरीच मोडीत आहेत. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या घटली होती आणि त्यामागं मुख्यतः १९१८ चा एन्फ्लुएन्झा होता. त्या सालाचं पान गावच्या बुकात सापडलं तर जरूर वाचा.

तक्ता मांडा

वयोगट असे घ्या : ० (पहिलं वर्ष), १ ते ४, मग पाच-पाच वर्षांचे ८४ पर्यंत, आणि शेवटी ८५ च्या पुढचे सगळे. स्त्रिया आणि पुरुषांचे तक्ते वेगळे. खालची सगळी उदाहरणं रीत समजावी म्हणून घेतलेली आहेत.

पहिल्या वर्षाचं सोपं आहे. दहा वर्षांत ६०० जन्म, १२ बाळं गेली, तर १२ भागिले ६०० म्हणजे ०.०२. हजारातली २० गेली, ९८० उरली. गेलेली बहुतेक पहिल्या महिन्यातच जातात, म्हणून त्यांनी जगलेलं सरासरी आयुष्य ०.१ वर्ष धरा. या रांगेची एकूण वर्षं ९८० अधिक २, म्हणजे ९८२.

मधल्या रांगेसाठी ६० ते ६४ वयोगट बघू. सरासरी १८० माणसं, दहा वर्षं, १,८०० माणूस-वर्षं. मयत ३६. दर ३६ भागिले १,८००, म्हणजे ०.०२. पाच वर्षांत जाण्याची शक्यता काढायला दराला ५ नं गुणा आणि (१ अधिक २.५ गुणिले दर) नं भागा : ०.१ भागिले १.०५, म्हणजे ०.०९५२. साठीपर्यंत हजारातली ८०० पोचली असतील तर ७६ जातील, ७२४ पासष्टीला पोचतील. त्यांनी मिळून जगलेली वर्षं म्हणजे ८०० आणि ७२४ ची सरासरी गुणिले ५, ३,८१०. (१ ते ४ च्या गटात गुणक ४; भाजक हाच. मात्र त्या रांगेची वर्षं काढताना गेलेल्या मुलांना सरासरी दीड वर्ष धरा.)

८५ च्या पुढच्या गटात पोचलेल्यांच्या संख्येला दरानं भागा. २५० पोचले आणि दर ०.१६ असेल तर १,५६२ वर्षं.

शेवटी सगळ्या रांगांची वर्षं बेरजेला घेऊन १,००० नं भागा. बेरीज ७२,४०० आली तर जन्मवेळचं आयुर्मान ७२.४. हीच बेरीज साठीच्या रांगेपासून खाली करून तिथं पोचलेल्यांनी भागली की साठीनंतर किती वर्षं उरतात ते कळतं. हे फुकटात मिळतं आणि फार बोलकं असतं.

या आकड्याला मागंपुढं आहे, तेही लिहा. ३६ मयतांचं वर्गमूळ ६, दुप्पट १२. म्हणजे त्या रांगेत २४ ते ४८ इतकं अंतर नुसत्या योगायोगानं पडू शकतं. चाळीस हजार माणूस-वर्षांवर पूर्ण आयुर्मानालाही दोनेक वर्षांचं मागंपुढं धरावंच लागतं. शेजारच्या गावापेक्षा आपण एका वर्षानं पुढं आहोत, अशी बढाई या आकड्यावर मारता येत नाही.

कारण शोधा

आकडा निघाला की सगळे विचारतात, का? कायद्याच्या कलम १७ प्रमाणं मृत्यू नोंदीचा दाखला कोणीही मागू शकतो, पण त्यात कारण दाखवता येत नाही. आणि दाखवलं असतं तरी उपयोग किती? देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरनं प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकी आमच्या भावासारखं.

म्हणून घरच्यांना विचारायचं. दहाव्या-तेराव्याचे दिवस होईपर्यंत जाऊ नका. महिना-दोन महिन्यांनी जा. "कशानं गेले?" असं विचारलं की "अटॅक" असं उत्तर येतं. त्याऐवजी दिवसाचा क्रम विचारा. सकाळी उठले तेव्हा काय करत होते, कळ कुठून आली, घाम फुटला का, तोंड वाकडं झालं का, एक बाजू लुळी पडली का, खोकला किती महिन्यांचा, वजन उतरलं होतं का, बी.पी.ची गोळी चालू होती का आणि कधी सोडली. मग गाडी कधी आली, पहिल्या दवाखान्यात काय म्हणाले, किती वाजता पुढं पाठवलं. भावाच्या बाबतीत मी हे वहिनीला विचारलं तेव्हा कळलं की सात महिन्यांपूर्वी एका शिबिरात त्याचा बी.पी. १८० च्या वर निघाला होता. गोळ्यांची एक पट्टी संपली, दुसरी आणलीच नाही. घरात कोणाला त्याचं गांभीर्य समजलं नव्हतं, मलाही नाही. उत्तरं मिळाली की आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांपुढं नाव झाकून ठेवा आणि कारणाचा गट त्यांना ठरवू द्या.

आपल्या भागात नजर कुठं ठेवायची

कुठल्या वयाचा मृत्यू टळला तर किती फरक पडतो, ते आधी पाहू. हजारात दहा बाळं जास्त वाचली तर आयुर्मान साधारण ०.७ वर्षानं वाढतं. पंचेचाळिशीतली दहा माणसं वाचली तर त्यांची पुढची तिसेक वर्षं धरून ०.३ नं. जुन्या काळी सगळी वाढ बाळांनी दिली. पण महाराष्ट्राचा बालमृत्यूदर २०२० पर्यंत हजारी १६ वर आला. देशाचा २८ होता. तिथं आता उरलेली वाढ थोडी. पुढची वर्षं चाळीस ते पासष्टच्या रांगांतून यायची आहेत, आणि आमच्या तक्त्यात पुरुषांच्या याच रांगा सगळ्यात वाईट निघाल्या.

या वयात रक्तदाब आणि साखर आधी बघा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या काही जिल्ह्यांत सातारा होता; आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. गावात किती जणांना गोळी चालू आहे आणि किती जणांनी सोडली, ही यादी आयुर्मानाच्या तक्त्याशेजारी ठेवा. तंबाखू विचारताना बायकांना मिसरीबद्दल वेगळं विचारा, "तंबाखू खाता का?" म्हटलं की त्या "नाही" म्हणतात. दारू, महामार्गावरचे दुचाकीचे अपघात आणि आत्महत्या यांची मरणं विशी ते पन्नाशीत येतात आणि घरचे सांगताना अडखळतात, तेव्हा घाई करू नका. सर्पदंश पावसाळ्यात शेतात होतो. एका मोठ्या अभ्यासाप्रमाणं २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं त्यानं गेली. साप चावल्यापासून लस टोचेपर्यंत किती तास गेले, एवढा एकच प्रश्न तिथं पुरतो. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या गावांत त्या उत्तरात लाँचची वेळ असते.

पाण्याचाही हिशोब घ्या. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, जिहे-कठापूर, उरमोडी या योजनांचं पाणी कोणत्या साली शिवारात आलं, त्याआधीची आणि नंतरची पाच-पाच वर्षं वेगळी मांडा. पाण्यानं स्थलांतर थांबतं, कमाई वाढते, जेवण सुधारतं. आणि उसाबरोबर साखर, बैठक आणि वजनही येतं. लहान मुलांची रांग सुधारली आणि पन्नाशीची बिघडली, असंही दिसू शकतं.

एक गोष्ट या तक्त्यात दिसतच नाही. आयुर्मान जन्मापासून सुरू होतं. २०११ ला ० ते ६ वयात हजार मुलग्यांमागं सांगली जिल्ह्यात ८६७ मुली होत्या, साताऱ्यात ८९५. २०१७ साली म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले. बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त निघालं म्हणून समाधान मानण्याआधी गावातल्या मुलामुलींच्या जन्माचा आकडा त्याच कागदावर लिहा.

ग्रामसभेत मांडताना

नावं आणि घरं कुठंही येऊ देऊ नका. पाचपेक्षा कमी मयत असलेल्या कारणाचं गट म्हणून नाव घेऊ नका, छोट्या गावात लगेच ओळख पटते. एचआयव्ही, आत्महत्या, बाळंतपण यांचे तपशील फक्त आरोग्य केंद्रापर्यंत.

मोठ्या तक्त्यापुढं सभा गप्प बसते. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं शंभर माणसांची चित्रं काढली आणि दर पाच वर्षांनी किती खोडायची ते शाळेच्या मुलींना खोडायला लावलं. पुरुषांच्या बाजूला पन्नाशीच्या ओळी खोडताना मागून एक जण म्हणाला, "थांब गं, ही आमची बॅच हाय." त्यानंतर चर्चा आपोआप गोळ्यांवर आली. ठराव तीनच घेतले : आठवडी बाजाराच्या दिवशी बी.पी. तपासणी, १०८ ची गाडी वाडीपर्यंत येईल असा रस्ता आणि मृत्यू नोंदवताना कारणाचे प्रश्न विचारूनच रकाना भरायचा. पहिल्या दोन ठरावांचा खर्च ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात धरता येतो. गावच्या आरोग्य व पोषण समितीलाही विचारा.

तिसऱ्या ठरावाला पैसे लागत नाहीत. ग्रामसेवकांनी प्रश्नांचा कागद वहीच्या पुठ्ठ्याला आतून डकवला आहे. दर जानेवारीत आम्ही मागच्या वर्षाच्या दोन्ही याद्या जुळवतो, सर्वात जुनं वर्ष गाळतो आणि तक्ता नव्यानं भरतो.